नऊवारीच्या निऱ्या मातीच्या दिसतायत : डिजिटल शिल्पातलं कापड कापड कसं वाटेल?

पदरमोड

मंडळी, थ्रीडीवाले आयडी इथे बरेच आहेत हे मखराच्या धाग्यावर कळलं, म्हणून हक्काने विचारतोय.

पैठणीची नऊवारी नेसलेली, हातात पूजेचं तबक, चालता चालता किंचित मागे वळून बघणारी बाई असं पूर्णाकृती शिल्प करतोय. शरीर झेडब्रशमध्ये (डिजिटल माती कोरायचं सॉफ्टवेअर). साडीही तिथेच : अंगावर मास्क मारून तेवढ्याच भागाचा वेगळा थर (एक्स्ट्रॅक्ट), मग डायनामेश (जाळी नव्याने सलग विणणारं साधन), मग हाताने निऱ्या आणि चुण्या. रेंडर, म्हणजे शेवटचं चित्र, ब्लेंडरच्या सायकल्समध्ये. राखाडी क्लेमध्ये आकृती छान दिसते. पैठणीचं मटेरियल चढवलं की मात्र साडी रंगवलेल्या प्लास्टरची होते. शीन (कापडाच्या लवेची झाक) वाढवून झालं, एचडीआरआय (भोवतालच्या उजेडाचे फोटो) बदलून झाले. विणीचा नॉर्मल मॅप (उंचसखलपणाचा नुसता भास देणारं चित्र) लावला तर बाईला गोणपाट नेसवल्यासारखं दिसायला लागलं.

तीन प्रचि (प्रकाशचित्रं) देतोय : पूर्ण आकृती, निऱ्या जवळून, आणि पाठमोरी. बिनधास्त चिरफाड करा, दिवे घेतलेलेच आहेत.

भुंगा_७

वाखूसा (वाचनखूण साठवली). उत्तरं वाचायला बसलोय.

किरणोत्सर्ग

आधी गोणपाटाचं बघू, कारण तिथे नुसतं गणित आहे. नऊ वार म्हणजे ८.२ मीटर. एवढी लांबी ४०९६ पिक्सेलच्या एका टेक्स्चरमध्ये बसवली की एका पिक्सेलच्या वाट्याला दोन मिलिमीटर कापड येतं. रेशमाचा धागा त्याच्या कितीतरी पट बारीक. म्हणजे त्या टेक्स्चरमध्ये खरी वीण मावणारच नाही, जी दिसतेय ती सुतळीच्या जाडीची. काठ, बुट्टे, पदर ही नक्षी एका टेक्स्चरवर ठेवा आणि वीण दुसऱ्यावर, काही सेंटिमीटरची टाइल भरपूर वेळा रिपीट करून. नक्षीसाठी युडिम, म्हणजे एकाऐवजी अनेक टेक्स्चर टाइल, घ्या. साडीचा पन्हा १.२ मीटर धरून तेवढ्याच चौरस टाइल केल्या तर सातांत अख्खी साडी बसते आणि पिक्सेलला ०.३ मिमी पडतात.

आणि कॅमेरा पूर्णाकृतीवर असेल तर वीण वीण म्हणून दिसताच कामा नये. तिचं काम चकाकी मोडण्यापुरतं. बंप (विणीचा उठाव) इतका उतरवा की बंद-चालू करून बघितल्याशिवाय फरक कळणार नाही.

दुसरं, प्रचिवरून वाटतंय की अख्ख्या साडीला थोडं थोडं मेटॅलिक दिलंय. रेशीम धातू नाही, त्याला मेटॅलिक शून्य. जरीचा धागा धातूचा, त्याला एक. मधलं काही ठेवू नका, जरीच्या नक्षीचा काळा-पांढरा मास्क करा आणि त्यावर सोडा. शीन हे मुख्यतः सुती, लोकरी, मखमली कापडाच्या लवेसाठी. रेशमाला लागते ॲनायसोट्रॉपी, म्हणजे धाग्याच्या दिशेप्रमाणे लांबट होणारी चकाकी.

पैठणीतल्या धूपछावसाठी (हलताना पलटणाऱ्या रंगासाठी) फ्रेनेलवर, म्हणजे नजरेच्या कोनावर, दोन रंग मिसळलेले दिसतायत. त्याने प्रत्येक कडेला सारखीच रंगपट्टी उमटते, ते गाडीच्या पेंटचं तंत्र आहे. धूपछाव होते कारण ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या. दोन ग्लॉसी थर घ्या, एक ताण्याच्या रंगाचा, एक बाण्याच्या. दोघांना ॲनायसोट्रॉपी द्या आणि दुसऱ्याचं रोटेशन ०.२५ ठेवा, म्हणजे ९० अंश. चुणी वळली की रंग आपोआप पलटतो. फक्त टॅन्जंट, म्हणजे धाग्याची दिशा, युव्हीवरून (साडी सपाट उलगडल्याच्या नकाशावरून) यायला हवी. तुमची युव्ही कशी आहे?

पदरमोड

झेडब्रशच्या युव्ही मास्टरने काढलीय. बरेच तुकडे झालेत, कसेही वळलेले. काठ पॉलीपेंटने, म्हणजे थेट शिल्पावरच, रंगवलेत.

किरणोत्सर्ग

मग धूपछाव विसरा. प्रत्येक तुकड्यात ताणा वेगळ्या दिशेला चाललाय.

शाडूचा_गोळा

किरणोत्सर्ग यांचं सगळं मान्य, पण रोग मटेरियलमध्ये नाही. निऱ्यांचं प्रचि राखाडीतच पुन्हा बघा. तिथे ते छान वाटतं, कारण राखाडीत आपण त्याकडे मातीचं शिल्प म्हणून बघतो आणि मातीला मातीच्या चुण्या माफ असतात. पैठणी चढवली की डोळा कापडाचा हिशोब मागायला लागतो.

हिशोब असा. कापड ताणलं जात नाही. ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेला जवळपास नाहीच, तिरकं ओढलं तर थोडं देतं (शिंपी गळ्याला उरेब पट्टी लावतात ती याचसाठी). त्यामुळे ते एका जागी एकाच दिशेने वळतं. नळा होईल, शंकू होईल, पण घुमट होणार नाही. चेंडूवर रुमाल टाका, कडेला चुण्या पडल्याशिवाय तो बसतच नाही. तुम्ही इन्फ्लेट आणि क्ले बिल्डअप ब्रशने मांडीवर ज्या चुण्या काढल्यात त्या मधे फुगलेल्या आणि दोन्ही टोकांना हवेत विरलेल्या आहेत. त्या फुगवट्याला लागलेलं कापड आलं कुठून? मातीत ते गोळ्यातून येतं. साडीत ते शेजारून खेचावं लागतं, आणि शेजारी त्याची खूण राहते.

चुणीचा छेदही बघा. डॅम स्टँडर्ड ब्रशने रेघा ओढल्यामुळे तुमच्या खोबणी धारदार आणि माथे गोल झालेत. जरा ताठ रेशमात नेमकं उलट असतं. माथा अरुंद, कडक, आणि दोन माथ्यांमधला भाग जवळपास सपाट.

चुणी कुठून सुटते ते आधी ठरवा. खांदा, कोपर, कमर, गुडघा हे टेकूचे बिंदू. चुणी एका टेकूवरून निघते आणि दुसऱ्याकडे जाते, नाहीतर खाली लोंबते. चित्रकला शिकवणाऱ्या ब्रिजमनने चुण्यांचे सात प्रकार करून ठेवलेत, आर्ट कॉलेजच्या पोरांना ते तोंडपाठ असतात. पाठ नसले तरी चालतील, पण ही चुणी कोणत्या दोन बिंदूंमधली, एवढं प्रत्येकीला विचारा. उत्तर आलं नाही तर सरळ स्मूद मारा.

गणपतराव म्हात्र्यांचं 'मंदिरपथगामिनी' बघितलंय का? तुमचाच विषय आहे : देवळाकडे निघालेली नऊवारीतली तरुणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जे. जे.त शिकत असताना प्लास्टरमध्ये केलेलं. रंग नाही, वीण नाही, जर नाही, तरी लुगडं ते लुगडंच. फोटो सहज मिळतील. प्रत्यक्ष शिल्पाभोवती फिरायचं असेल तर अलिबागजवळ सासवण्याला करमरकरांचं शिल्पालय आहे, तिथे सिमेंटमधली नेसणं हाताच्या अंतरावरून दिसतात. बघताना कुठे काय कोरलंय यापेक्षा कुठे काहीच कोरलेलं नाही ते बघा.

काष्टेवाली

मला तुमचं सॉफ्टवेअर कळत नाही, नावात नऊवारी दिसली म्हणून धागा उघडला. लग्नांत आणि नाचाच्या कार्यक्रमांना नेसवून द्यायचं काम करते.

पदरमोड, तुमच्या बाईला साडी नेसवलेलीच नाहीये, चिकटवलीये. कमरेची गाठ कुठे आहे? नऊवारीच्या आत परकर नसतो, सगळा भार त्या गाठीवर आणि खोचलेल्या निऱ्यांवर. गाठीपाशी कापड आवळलेलं असतं आणि तिथून पोटावर, कुशीकडे बारीक तिरक्या चुण्या जातात. तुमच्या बाईचं पोट इस्त्री केल्यागत.

निऱ्या बोटांच्या मापाने घालतो, म्हणून सगळ्या साधारण एका रुंदीच्या. खोचलेल्या जागी एकीवर एक घट्ट बसतात आणि खाली येता येता सुटतात. तुमच्या वरपासून खालपर्यंत सारख्याच जाड आहेत. मुख्य म्हणजे निऱ्यांच्या खालच्या टोकाला काठ आत-बाहेर, आत-बाहेर असा नागमोडी दिसतो. तुम्ही सरळ पट्टा रंगवलाय. कोणतीही बाई पहिलं तेच बघेल.

काष्टा मागे खोचलाय म्हणजे कापड पायांमधून ओढलं गेलंय ना? मग तुमच्या बाईने पाऊल पुढे टाकलंय, त्या ओढीच्या रेघा मांडीच्या आतून गुडघ्याकडे जायला हव्यात. मांडीवर घट्ट, पोटरीवर सैल. पाठमोऱ्या फोटोत काष्टा नुसता उठावाचा पट्टा दिसतोय, तो कशाला धरून आहे तेच कळत नाही.

एक सावध करते. नेटवर सापडतात त्यातले बरेच फोटो शिवलेल्या नऊवारीचे असतात. त्यात नाडी किंवा इलॅस्टिक, निऱ्या टाचलेल्या, काष्टा शिवलेला. ती चढवतात, नेसत नाहीत, आणि तिला गाठीचा ताण नसतो. ते बघून करू नका. नेसतानाचे व्हिडिओ बघा.

आणि हो, कपाटातून काढलेल्या पैठणीवर घडीचे मोड असतात! पदर मागे सोडला की उभ्या-आडव्या मोडांची चौकट स्पष्ट दिसते. तुमची साडी जन्मात कधी घडी घातलेली वाटत नाही.

पदरमोड

ताई, लाख मोलाचा प्रतिसाद. मोडांचं तर मी कुठल्याच ट्युटोरियलमध्ये ऐकलं नाही.

आता प्रश्न असा की हे सगळं हाताने कोरायचं की सिम्युलेशन करायचं, म्हणजे कापड कसं पडेल ते संगणकाकडूनच काढून घ्यायचं? सिम्युलेशन केलं तर मग शिल्प कसलं, असंही मनात येतं.

फुकटचा_सल्ला

एवढा उपद्व्याप कशाला? एआयला सांगा, मिनिटात नऊवारी हजर.

शाडूचा_गोळा

सांगून बघितलंय. काठ एका निरीत शिरतो तो दुसरीतून बाहेरच पडत नाही. आणि पदर कुठल्या खांद्यावरून सुरू झाला हे त्यालाही माहीत नसतं. असो, भलत्या वादाने धाग्याचा काश्मीर नको.

आडवातिडवा

वरच्या तिन्ही मोठ्या प्रतिसादांचं दुखणं एकच आहे. साडी हा एक अखंड आयत असतो आणि डायनामेशने तो आयत पुसून टाकलाय. आयत असता तर युव्ही सरळ असती, ताणा-बाणा आपोआप बरोबर दिशेला गेले असते, काठ निरीबरोबर आत-बाहेर वळला असता, आणि कापडाचा हिशोबही आपोआप राहिला असता. कोरायचं की सिम्युलेट करायचं हा त्यानंतरचा प्रश्न.

तर ८.२ बाय १.२ मीटरची ग्रिड घ्या, एक सेंटिमीटरची चौकट. साधारण ९८ हजार चौकटी होतात, आजच्या मशीनला काही जड नाही. युव्ही आत्ताच, सपाट असतानाच काढून ठेवा. निऱ्यांचा भाग सिम्युलेशनआधीच हाताने झिगझॅग दुमडून उभा करा, वरची कड कमरेला पिन करा. आणि चालत्या, वळलेल्या बाईला साडी नेसवायला जाऊ नका. सरळ उभ्या बाईला नेसवा आणि मग पन्नास-साठ फ्रेममध्ये तिला तुमच्या पोझमध्ये आणा. ताईंनी सांगितलेल्या ओढीच्या रेघा त्या हालचालीतून आपसूक येतात, कोराव्या लागत नाहीत.

ब्लेंडरमध्ये करत असाल तर काही गोष्टी हमखास नडतात. मोजमाप : झेडब्रशमधून आलेली आकृती अठरा मीटर उंच असेल तर कापड राक्षसाचं असल्यासारखं पडतं, संथ आणि बारीक चुण्यांचं. आधी बाईला खऱ्या उंचीवर आणा, स्केल अप्लाय करा. व्हर्टेक्स मास : हे वजन दर व्हर्टेक्सला (जाळीच्या बिंदूला) असतं, म्हणजे ग्रिड दाट केली की साडी जड होते आणि लोक बसतात प्रीसेट बदलत. सेल्फ कोलिजन (कापडाने कापडाला अडवणं) मुळात बंद असतं, ते चालू करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोलिजनचं अंतर. डिफॉल्ट ०.०१५, म्हणजे दीड सेंटिमीटर. दहा घड्या एकीवर एक आल्या की पोटावर पंधरा सेंटिमीटरचा गठ्ठा! निऱ्या गाद्यांसारख्या फुगलेल्या दिसतात त्या यामुळे. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत खाली आणा, क्वालिटी स्टेप वाढवा. एवढ्या खाली आणल्यावर कमरेशी कापड एकमेकांतून आरपार जायला लागलं तर तेवढ्याच भागात ग्रिड दाट करा.

मार्व्हलस डिझायनर (कपड्यांचं सॉफ्टवेअर) असेल तर काम बरंच सोपं. इंटरनल लाइन आखून फोल्ड अँगल दिला की निऱ्या तोच घालतो. पार्टिकल डिस्टन्स (जाळीच्या बिंदूंमधलं अंतर) मुळात २० मिमी असतो, नेसवून होईपर्यंत तसाच राहू द्या, शेवटी पाचच्या आसपास आणा. आधीच खाली आणलात तर चहा करून याल तरी पहिली फ्रेम तिथेच असेल.

काठाचं विसरू नका. जरीचा काठ मधल्या रेशमापेक्षा ताठ असतो. ब्लेंडरमध्ये काठाचा व्हर्टेक्स ग्रुप करून प्रॉपर्टी वेट्समध्ये बेंडिंगला द्या. सिल्क प्रीसेटचं बेंडिंग ०.०५ आहे आणि कॉटनचं ०.५. काठाला कॉटनइतकं किंवा त्याहून जास्त द्या. मग मधल्या रेशमातल्या बारीक चुण्या काठापाशी येऊन अडतात आणि काठ मोठ्या, मोजक्या वळणांनी वळतो. एवढ्या एका गोष्टीने ती पैठणी वाटायला लागते, शिफॉन वाटत नाही.

शाडूचा_गोळा

आडवातिडवा यांना शंभरपैकी शंभर. सिम्युलेशन म्हणजे फसवणूक वगैरे मनात आणू नका, जुने शिल्पकारही खरं कापड ओलं करून मॉडेलवर टाकत आणि समोर ठेवून काम करत.

पण सिम्युलेशनमधून जे बाहेर येतं ते तसंच रेंडर करू नका. सगळीकडे एकसारख्या मऊ चुण्या, नजर ठरतच नाही. ते बेस मेश समजा, दोन लेव्हल सबडिव्हाइड करा (१५-१६ लाख चौकटी होतील) आणि मग हात चालवा. डायनामेश नाही, झेडरिमेशर नाही, टोपॉलॉजी मोडेल असं काहीही नाही. ब्लेंडरमध्येच करायचं तर मल्टीरिझवर (टप्प्याटप्प्याने बारीक केलेल्या जाळीवर) क्लॉथ ब्रश आहे, २.८३ पासून. तो कापडासारखंच ओढतो, फुगवत नाही.

हाताने करायचं ते असं. मांडीवरचा ताणलेला भाग आणखी साफ करा, अर्ध्या चुण्या पुसून टाका. ज्या उरतील त्यांचे माथे पिंचने आवळा. जिथे दोन चुण्या भिडतात तिथे छोटा डोळ्यासारखा खड्डा पडतो, तो ठळक करा, कापड खऱ्या अर्थाने दोन दिशांनी वाकतं ते तेवढ्याच जागी. घडीचे मोड आयतावरच सरळ रेघांनी आखून अल्फा (उठावाचा साचा) करा, म्हणजे साडीबरोबर वळतील. पण मोड अखंड ठेवू नका. जिथे कापड ताणलंय तिथे मोड जवळपास पुसला जातो, पदरासारख्या लोंबत्या भागात तो राहतो.

जाडी द्यायला सॉलिडिफाय, एक मिलिमीटरच्या आत. काठाची बाहेरची कड किंचित गोल करा, म्हणजे तिथे प्रकाशाची बारीक रेघ पकडली जाते. कागदी कड ही शंभरातल्या नव्वद रेंडरची चुगली करते.

आणि फक्त साडीकडे बघू नका, साडी जिथे अंगाला लागते तिथे बघा. चोळीची बाही दंडावर जिथे संपते तिथे मांस किंचित दबलं पाहिजे, बाहीखाली थोडं फुगलं पाहिजे. आत्ता बाही दंडात घुसलीये, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही.

काष्टेवाली

चोळीचं बरं आठवलं. काखेत चुण्या हव्यात, बाई तबक धरून आहे ना? हात पुढे आला की पाठीवर चोळी ताणली जाते आणि काखेत गोळा होते. पदरही खांद्यावर सपाट ठेवलाय. पैठणीचा भरलेला पदर जड असतो, खांद्यावरून मागे ओढत राहतो, त्यामुळे छातीवरून खांद्याकडे तिरक्या रेघा येतात. बायका सारख्या पदर सावरतात ते काही उगाच नाही.

पदरमोड

नवीन प्रचि टाकलीत. आयतावरून पुन्हा नेसवली, उभ्या पोझमधून चालत्या पोझमध्ये आणली. निऱ्यांचा काठ आता नागमोडी येतो आणि तो मी रंगवलेला नाही, आपोआप आलाय! काठाला बेंडिंग दिल्यावर फरक बघा, आधीची आणि नंतरची शेजारी ठेवलीत.

आता नवं लचांड. बारीक काम झेडब्रशमध्ये करून डिस्प्लेसमेंट (पृष्ठभाग खरोखर आत-बाहेर सरकवणारा मॅप) ब्लेंडरमध्ये आणलं तर अख्खी साडी आत ओढली जाते, अंग बाहेर दिसायला लागतं. नॉर्मल मॅप लावला तर चुण्या काही बाजूंनी उलट्या वाटतात.

किरणोत्सर्ग

डिस्प्लेसमेंट ३२ बिट ईएक्सआर असेल तर मिडलेव्हल (जिथून आत-बाहेर मोजायचं ती पातळी) शून्य ठेवा. ब्लेंडर ते मुळात ०.५ धरतो, म्हणून सगळं कापड आत जातं. स्केल १. मॅप उलटा बसला असेल तर झेडब्रशमधून काढतानाच फ्लिप व्ही करा. चुण्या उलट्या दिसतात म्हणजे हिरवा चॅनल उलटा आहे, झेडब्रशमध्ये फ्लिप जी करा किंवा ब्लेंडरमध्ये तो चॅनल इन्व्हर्ट करा. दोन्ही मॅप नॉन-कलरवर आहेत ना ते बघा. आणि मोठ्या चुण्या कधीच नॉर्मल मॅपवर टाकू नका. प्रकाशात फसवतात पण बाह्यरेषा सपाट राहते, आणि नेसलेल्या कापडाची ओळख निम्मी बाह्यरेषेवर होते.

प्रकाशाचंही सांगतो. एचडीआरआय एकटा ठेवू नका, चारी बाजूंनी उजेड आला की चुण्यांच्या सावल्या मरतात. खिडकीएवढा एक एरिया लाइट बाजूने, थोडा मागून. पुढून हवा तर अगदी मंद. जरीला नुसता उजेड पुरत नाही, तिला प्रतिबिंबात काहीतरी दिसावं लागतं. कॅमेऱ्याच्या मागे एक काळा आणि एक पांढरा पडदा उभा करा, काठाला लगेच खोली येते. ब्लेंडर ४.० च्या पुढे असाल तर एजीएक्स (रंग पडद्यावर दाखवायची पद्धत) डिफॉल्टच आहे, तेच ठेवा. स्टँडर्डवर पैठणीचा राणी रंग चकाकीत फाटतो.

आडवातिडवा

बाजूच्या प्रचित निऱ्यांच्या मागून येणारा उजेड अडतोय पूर्ण. रेशीम पातळ असतं. एकेरी कापड जिथे आहे, पदराची कड, पोटरीवरचा सैल भाग, तिथे थोडं ट्रान्सल्युसंट मिसळा. जिथे दहा घड्या आहेत तिथे आपोआप अंधार होईल.

काष्टेवाली

आता बाई नेसलेली दिसतेय हो! एकच राहिलं. खांद्यावरून मागे जाताना पदर एका जागी उलटलाय, तिथे आतली बाजू कोरी ठेवलीत. हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच विणलेला असतो, मागे धागे लोंबत नाहीत. पॉवरलूमच्या साडीला मागे तुटके धागे दिसतात. तुमची कोणती?

पदरमोड

हातमागाची, येवल्याची समजा. मग उलट्या बाजूसाठी वेगळं टेक्स्चर करू का?

किरणोत्सर्ग

गरज नाही. सॉलिडिफायने तयार झालेली आतली बाजू तीच युव्ही घेते, त्यामुळे नक्षी आपोआप आरशातल्यासारखी येईल. पदरावरच्या मुनिया मागून उलट्या दिशेला तोंड करतील, आणि हातमागाच्या पैठणीत त्या तशाच दिसतात. तुम्ही आतल्या बाजूला मटेरियल ऑफसेटने कोरं मटेरियल दिलं असणार, तो ऑफसेट शून्य करा. पॉवरलूमची करायची झाली तरच एक ठेवा आणि तिथे लोंबत्या धाग्यांचं वेगळं मटेरियल द्या.